आधी कार्बोरेटर सोडून सगळं बघा

लूना ढकलत माझ्या दारात आलेला माणूस घाम पुसायच्या आधी एकच वाक्य बोलतो : "काकू, कार्बोरेटर बघता का जरा?" गाडी खोकत असो, चढावर मरत असो, धूर ओकत असो की तापल्यावर बंद पडत असो, आरोपी ठरलेलाच : पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर. मी त्याला पाणी देते आणि विचारते, "उघडलाय का कुणी?" बहुतेक वेळा उघडलेला असतो. म्हणजे आता बिघाड दोन झाले. एक मूळचा आणि एक उघडल्यामुळे आलेला.

मी मेकॅनिक नाही. १९८८ ते २०१४ कराडात पिग्मीचे पैसे गोळा केले, तेही लूनावर. शनिवार पेठ, मलकापूर, कृष्णेचा पूल ओलांडून विद्यानगर, तिथून ओगलेवाडी. गाडी बंद म्हणजे वसुली बंद आणि वसुली बंद म्हणजे कमिशन बंद. गॅरेजात गाडी सकाळी टाकली की "संध्याकाळी या बाई" हे ठरलेलं उत्तर. मी संध्याकाळी न येता तिथेच स्टुलावर बसून राहायचे आणि बघायचे. बघता बघता हात शिकले. प्रत्येक बिघाड मी पावतीबुकाच्या मागच्या पानांवर लिहून ठेवला. काय झालं, काय केलं, कशाने गेलं.

पिग्मीत संध्याकाळी रोख आणि पावत्या जुळल्या नाहीत तर काय करतात? सगळ्या पावत्या एकदम टेबलावर पसरत नाहीत. शेवटच्या दुकानापासून मागे एकेक पावती तपासत जायचं. इंजिनाचंही तसंच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी चालवून बघायची, लिहायचं, मग पुढची. ठिणगी पाडणारा प्लग, पेट्रोल आणि जेट (कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा पितळी तुकडा, त्यातून पेट्रोल येतं) एकाच दुपारी बदलले आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तिथूनच सुरुवात.

लूना १९७२ साली कायनेटिकने आणली, इटलीतल्या पियाजिओच्या चाओ या मोपेडवरून. ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि सायकलसारखी पेडलं. मी लिहिते ते लूनावरून, पण टू-स्ट्रोकचं कुठलंही लहान इंजिन याच गोष्टींवर अडतं. पुतण्याच्या मित्राने सायकलला बसवायचं चिनी इंजिन मागवलं होतं, त्यालाही हेच लागू पडलं. ते इंजिन '८० सीसी' म्हणून विकतात. मी सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, विचारला, ४७ मिलिमीटर आणि ३८ मिलिमीटर. हिशेब केला तर ६६ सीसीसुद्धा पुरे होत नाहीत. आणि आपल्याकडे २५ सीसीच्या वरचं इंजिन लावलं की ती कायद्याने सायकल राहत नाही, मोटार वाहन होते. रस्त्यावर काढायच्या आधी हे त्याला दोनदा सांगितलं.

आधी प्रश्न, मग पाना

पहिला प्रश्न : बिघाड एकदम आला की हळूहळू? काल धावत होती आणि आज नाही, तर प्लग, वायर, पाणी, कचरा, केबल यांपैकी काहीतरी. महिना-दोन महिने दम कमी होत गेला असेल तर कार्बन, फिल्टर, पिस्टनच्या रिंगा, ऑइल सील. दुसरा प्रश्न : थंड असताना की तापल्यावर? तिसरा : बिघाडाच्या आधी गाडीला शेवटचा हात कुणी आणि कशाला लावला? या तिसऱ्या प्रश्नाला लोक लाजतात, पण अर्धी उत्तरं तिथेच असतात.

मग गाडी मुख्य स्टँडवर लावा, इंजिन बंद ठेवून मागचं चाक हाताने फिरवा. पुढचंही उचलून फिरवा. ब्रेक चिकटलेला असेल तर चाक लगेच थांबतं. १९९३च्या पावसाळ्यात माझी लूना पुलाच्या चढाला धापा टाकत होती. एका गॅरेजने तीन दिवस ठेवून कार्बोरेटर दोनदा साफ केला, पैसेही दोनदा घेतले. चौथ्या दिवशी मी पुलावर थांबले, सहज मागच्या ड्रमजवळ हात नेला तर चटका बसला. चिखलाने ब्रेकची केबल अडकली होती, ब्रेक लागलेलाच राहत होता. इंजिन बिचारं ब्रेक ओढत चाललं होतं. तेव्हापासून चाक आधी, इंजिन नंतर. टायरमधली हवाही याच वेळी बघून घ्या.

पेट्रोल बाटलीत बघायचं

इंजिन थंड करा, अंगणात या, आसपास गॅस किंवा विडी नको. पेट्रोलची नळी कार्बोरेटरच्या बाजूने काढून पांढऱ्या काचेच्या बाटलीत सोडा आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा. इथे दोन गोष्टी कळतात.

पहिली, धार. लूना लिटरला ५० किलोमीटर देते आणि ताशी ४० ने चालली असं धरा. तासाला ०.८ लिटर, म्हणजे मिनिटाला १३-१४ मिलिलिटर. चहाचे तीन छोटे चमचे. एवढ्याशा पेट्रोलवर गाडी धावते, त्यामुळे बारीक पण अखंड धार आली तरी पुरे. धार सुरुवातीला चांगली आणि मिनिटभराने थेंब थेंब, असं झालं तर टाकीत हवा जात नाहीये किंवा कॉकच्या जाळीवर गंज बसलाय.

टाकीत हवा जायला झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की गाडी दोन-तीन किलोमीटर मजेत जाते आणि मरते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. पुतण्याने गेल्या वर्षी जुनी लूना घेऊन रंगवली, त्याची अगदी हीच तक्रार. नवा कार्बोरेटर आणून बसवला, फरक नाही. मी म्हटलं, "बंद पडली की तिथेच झाकण उघड आणि कान दे." ओगलेवाडीच्या फाट्यावरून त्याचा फोन आला, "काकू, सुस्स झालं!" रंगाऱ्याने झाकण रंगवताना भोकही रंगवलं होतं. सुईने मोकळं केलं. जुना कार्बोरेटर अजून त्याच्या ड्रॉवरमध्ये आहे, शंभर टक्के चांगला.

दुसरी गोष्ट, बाटलीच्या तळाला काय बसतं. अर्धा तास बाटली हलवू नका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आमच्याच भागातल्या उसाचं, त्यामुळे फार बोलायची सोय नाही. पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून तळाला वेगळा थर करतात, आणि कॉक तळालाच असतो. तळाला वेगळी रेघ दिसली तर सगळं पेट्रोल काढून टाका, टाकी ताज्या पेट्रोलने विसळा. पावसाळाभर उभी राहणारी गाडी असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करूनच उभी करा. जुन्या रबराच्या नळ्या या पेट्रोलने फुगतात, मऊ पडतात. त्या बदलून टाका, फार पैसे पडत नाहीत.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. त्याबद्दल एवढंच : कंपनीने सांगितलेलं प्रमाण पाळा. मी लिटरला ३० मिलिलिटर टू-टी ऑइल घालते, मोजून, खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने. आधी बाटलीत थोड्या पेट्रोलमध्ये ढवळून मग टाकीत. "थोडं जास्त घातलं तर इंजिन खूश" म्हणणारे बरेच भेटतात. जास्त ऑइल म्हणजे धूर, काळा प्लग आणि चोंदलेला सायलेन्सर. कमी ऑइल म्हणजे पिस्टन जाम. दोन्हीकडे खर्चच.

प्लग वाचायचा कसा

गाडी अर्धा तास जागेवर चालवून प्लग काढला तर तो काळाच दिसणार, त्यातून काही कळत नाही. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना, किलोमीटरभर पूर्ण रेस देऊन जा. मग रेस सोडत त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि गाडी बाजूला घ्या. थोडं थंड झालं की प्लग काढा, फडक्याने धरून.

आतली पांढरी चिनीमाती भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाच्या रंगाची असेल तर पेट्रोल-हवेचं प्रमाण बरोबर. काळी आणि कोरडी, काजळी धरलेली, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी : हवा अडवणारा चोक अडकलाय, फिल्टर चोंदलाय. काळी आणि तेलकट, ओली, तर ऑइल जास्त किंवा ठिणगीच कमजोर. पांढरी फटक, कडेला बारीक दाणे आल्यासारखी, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी चोरून हवा शिरतेय. पांढरा प्लग दिसला की गाडी पुढे चालवू नका. काळ्या प्लगने गाडी बंद पडते, पांढऱ्याने पिस्टन वितळतो.

प्लगमधली फट ०.५ ते ०.६ मिलिमीटर. फट मोजायची पट्टी, फीलर गेज, नसेल तर हॅक्सॉचं ब्लेड घसटत गेलं की झालं. ठिणगी बघायची तर प्लग टोपणात बसवून त्याची बॉडी इंजिनाच्या लोखंडाला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ येते. सावलीत बघा. निळी, कडक आवाजाची ठिणगी हवी. पिवळी, लाजरीबुजरी ठिणगी नको. एक खोच लक्षात ठेवा : बाहेर ठिणगी पडली म्हणून ती आत दाबाखालीही पडेल याची खात्री नाही. म्हणून माझ्या डिकीत एक नवा, चालवून बघितलेला प्लग कायम असायचा. शंका आली की तो लावायचा, पाच मिनिटांत निकाल.

जुन्या लूनांना पॉइंट असतात, मॅग्नेटच्या चाकाआड. ते उघडले की ठिणगी पडते. चाकाच्या खिडकीतून दिसतात. फट साधारण ०.४ मिलिमीटर, तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला आकडा मिळाला तर तोच धरा. पॉइंट तेलकट झाले की गाडी मिसिंग करते, म्हणजे मध्येमध्ये ठोका चुकवते. जाड कागदाची पट्टी मध्ये सरकवून पॉइंट मिटू द्या आणि पट्टी ओढा. मी पिग्मीचं जुनं कार्ड कापून वापरायचे. पट्टी प्रत्येक वेळी तेलकटच निघत असेल तर मागचं ऑइल सील गळतंय, पॉइंट कितीही पुसले तरी आठवड्याने पुन्हा तेच.

तापल्यावर मरणारी आणि वीस मिनिटांनी काहीच न झाल्यासारखी चालू होणारी गाडी सगळ्यांना रडवते. झाकणाचं भोक मोकळं आहे हे बघितलं असेल तर संशय ठिणगीच्या विजेचे दोन भाग, कंडेन्सर आणि कॉइल, यांवर. मेल्याबरोबर, गरम असतानाच, ठिणगी बघा. घरी येऊन थंड झाल्यावर बघितली तर ती निळीच दिसणार आणि तुम्ही पुन्हा कार्बोरेटरकडे वळणार.

चोक काय सांगतो

गाडी मिसिंग करत चालली असताना चोक हळूच अर्धा लावून बघा. चोक हवा अडवतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढतो. चोकने गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त शिरतेय. चोकने आणखी बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे. फुकटची तपासणी आहे, आणि कार्बोरेटर उघडायचा की नाही हे तीच ठरवते.

पेट्रोल जास्त असेल तर आधी एअर फिल्टर. स्पंज रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, दोन थेंब ऑइल लावून पिळा, बसवा. ओगलेवाडीच्या धुळीत मी दर महिन्याला धुवायचे. "फिल्टर काढून टाका, पिकअप वाढतो" असं सांगणारी मंडळी आहेत. मिश्रण बिघडतं, आणि वर धूळ सरळ पिस्टनवर जाते.

पेट्रोल कमी पडत असेल तर आधी चोरहवा शोधा. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालची क्रँकची पेटी हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना ती मिश्रण ओढते, खाली येताना वर ढकलते. या पेटीला किंवा कार्बोरेटरच्या जोडाला कुठेही फट असली की बाहेरची हवा आत. खूण अशी की रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नाही, वरच्या वर घोंघावत राहतं. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या जोडावर ब्रशने थोडं टू-टी ऑइल फासा. आवाज बदलला किंवा ऑइल आत ओढलं गेलं तर फट सापडली. पॅकिंग नवी घाला, नट सारखे आवळा. एकच नट जोर लावून आवळला की कान वाकडा होतो आणि फट कायमची.

हे सगळं झालं आणि अजून पेट्रोल कमीच पडत असेल, तर आता खुशाल कार्बोरेटर उघडा. खाली पांढरं फडकं अंथरा, जेट आणि स्प्रिंगा उड्या मारतात. उघडताना मोबाइलवर फोटो काढा, मी तेव्हा पावतीच्या मागे चित्र काढायचे. फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या पोकळ डबीच्या, वाटीत गाळ आहे का, फ्लोट हलवल्यावर आत पेट्रोल खळखळतं का, म्हणजे तो फुटलाय का, त्याच्याबरोबर वरखाली होऊन पेट्रोल अडवणाऱ्या नीडलचं टोक झिजलंय का ते बघा. जेट उजेडासमोर धरा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. त्यात तार घालू नका. पितळ मऊ असतं, तारेने भोक वाढतं आणि मग गाडी जन्मभर जास्त पिते. पेट्रोलमध्ये भिजवा आणि सायकलच्या पंपाने हवा मारा, फारच अडलं तर जुन्या टूथब्रशचा एक केस. हवेचा स्क्रू काढायच्या आधी तो आत पूर्ण बसेपर्यंत किती आटे जातो ते मोजून लिहून ठेवा. इथेनॉलच्या पेट्रोलवर त्याच जेटमधून मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, त्यामुळे सगळं नीट असूनही प्लग पांढराच राहिला तर जेट एक नंबर मोठा घालून बघायला हरकत नाही.

सायलेन्सर

चालू होते, जागेवर गुणगुणते, पण ताशी वीस-पंचवीसच्या पुढे जातच नाही. आणि हे सहा महिन्यांत हळूहळू झालंय. अशा गाडीचं बाकी काहीही उघडायच्या आधी मी सायलेन्सर बघते. ऑइल जळून कार्बन साठतो आणि वाट अरुंद होते. इंजिन श्वास सोडू शकत नाही, मग घेणार कुठून. मागे तळहात धरला तर फटफट जोराची न लागता दबकी लागते. खात्री करायची तर सायलेन्सर नुसता सैल करून अर्धा मिनिट रेस देऊन बघा, हात आणि कपडे लांब. शेजाऱ्यांना आधी सांगा. इंजिन एकदम मोकळं ओरडलं तर झालं निदान.

थंड झाल्यावर सायलेन्सर पूर्ण काढा. आमच्याकडे तो शेणी किंवा लाकडाच्या जाळात लाल होईपर्यंत भाजतात आणि गार झाल्यावर ठोकून काढतात. धूर भयंकर होतो, तेव्हा उघड्यावर, आणि धूर तोंडावर येईल असं उभं राहू नका. इंजिनाचं एक्झॉस्टचं तोंडही कार्बनने बारीक झालेलं असतं. पेडल फिरवून पिस्टन वर आणा म्हणजे ते तोंड पिस्टनने आतून झाकलं जातं, मग बांबूच्या चपट्या काडीने खरवडा आणि चुरा बाहेर फुंका. स्क्रू-ड्रायव्हर नको, पिस्टनवर ओरखडा उठतो. १९९७च्या माझ्या नोंदीत आहे : "सायलेन्सर भाजला. सुर्लीच्या घाटात पायडल न मारता चढली." खाली दोन रेघा ओढल्या आहेत.

मेकॅनिककडे कधी

प्लग काढून भोकावर अंगठा दाबा आणि कुणाला तरी पेडल मारायला सांगा. अंगठा ढकलला गेला पाहिजे. नुसती फुंकर लागली तर भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघा. जोर वाढला तर रिंगा गेल्या. काहीच फरक पडला नाही तर हेडची पॅकिंग. रिंगा, बोअरिंग, क्रँकची सीलं, मॅग्नेटचं चाक, ही कामं मी करत नाही. त्या चाकाला पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, लागतो, हातोड्याने काढायला गेलं की क्रँक वाकतो.

गॅरेजात जाताना मात्र "कार्बोरेटर साफ करा" म्हणून गाडी टाकू नका. कागदावर लिहून द्या : किती किलोमीटरनंतर, गरम की थंड, चोकने सुधारते की बिघडते, प्लगचा रंग काय, काय काय तपासून झालं. आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून परत मागा. प्लगसुद्धा.